सहा नंबरची काळजी

ड्यूटी संपली तरी वॉर्डचं दार डॉ. शाल्मलीला बाहेर सोडेना. दारावरच्या पडद्यावर लिहिलं होतं : पुढच्या डॉक्टरकडे माहिती पोहोचली, शंभर टक्के. काळजी पोहोचली, बारा टक्के.

"सगळे पेशंट समजावून सांगितले की तुला!" नव्या पाळीच्या डॉ. तबस्सुमवर ती वैतागली.

"मग तुझ्या मनगटावरची पट्टी अजून लाल का? माझी बघ, हिरवीगार. कुणाची धास्ती घेतलीयस?"

शाल्मलीने आपल्या पट्टीकडे पाहिलं. "सहा नंबरच्या द्वारकाबाई. रिपोर्ट नॉर्मल आहेत गं. पण रोज मला 'जेवलीस का, पोरी?' म्हणून विचारतात. आज नुसत्या बघत राहिल्या."

तबस्सुमची पट्टी लाल झाली.

दार उघडलं, तेव्हा दोघीही सहा नंबरच्या खाटेपाशी पोहोचल्या होत्या.