घोड्याची किंमत

"ही सरळसरळ चोरी आहे," म्हणत निरंजनने पंचांपुढे लॅपटॉप सरकवला. "यांच्या प्रोग्रॅमने काल घोडा वाचवायला हत्ती दिला. असा वेडेपणा फक्त माझा प्रोग्रॅम करतो. मी तो मुद्दाम तसा लिहिलाय."

पंच गंभीर झाले. संगणकांच्या बुद्धिबळात डाव प्रोग्रॅमच खेळतात, आणि दोघांची चूक हुबेहूब जुळली तर एकाने दुसऱ्याची नक्कल केली असंच धरतात. शिक्षा आजन्म बंदीची.

"मॅडम, घोड्याला हत्तीपेक्षा जास्त किंमत का दिलीत?"

"चुकीचंच आहे ते," समोरच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण बदलवत नाही. कराडला आमचे मोघे सर ओसरीवर बुद्धिबळ शिकवायचे. हत्ती गेला तरी चालेल, घोडा सोडायचा नाही, म्हणायचे. आम्ही हरायचो, तरी त्यांचं आपलं तेच. सर गेले, त्याच आठवड्यात मी हा प्रोग्रॅम लिहायला घेतला."

पंच निरंजनकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

निरंजनने लॅपटॉप मिटला. त्याचं लक्ष पंचांकडे नव्हतंच.

"मोघे सर गेले?" त्याने बाईंना विचारलं. "कधी?"