एकशे बारावं झाड

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तपासनीसाने एकशे आठव्या झाडाला टेप गुंडाळली, छातीच्या उंचीवर घेर मोजला, वहीत लिहिला आणि खोडावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला. नकाशावर झाडं एकशे बारा होती. त्यातलं शेवटचं जागेवर नाहीच, हे तिथे एकाच माणसाला ठाऊक होतं. नकाशाची गुंडाळी काखेत धरून मागून चालणाऱ्या ट्रेसरबाईला. ते नकाशावर तिनेच रेखाटलं होतं.

शहर वाढत होतं आणि नदीकाठ कचऱ्याने भरत होता. त्या काठावर सगळ्यांसाठी बाग करायची, हे तिच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांचं नऊ वर्षांचं वेड. पैसे द्यायला बाहेरची एक संस्था कबूल झाली, पण अट घालून. उभं झाड तोडायचं नाही, आणि प्रत्येक झाडाभोवतीची दहा पावलं जमीन आहे तशी सोडायची. नकाशात एक जरी झाड खोटं निघालं तर पैसे बंद.

तेव्हा नकाशे हाताने होत. साहेब पेन्सिलीने आखत, आणि ट्रेसरबाई त्यावर पारदर्शक कापड ताणून सगळं शाईत उतरवी. बागेची वाट उतरवता उतरवता तिचा हात थांबला. वाट सरळ तिच्या आईच्या घरातून जात होती. वडील नावाडी, त्यांचं हे दोन खोल्यांचं घर. पूल झाला तशी नाव गेली, मग नावाडीही गेला. आई तेवढी राहिली होती, आणि तिला दुसरीकडे कुठे झोप लागत नसे. ट्रेसरबाईने घराच्या जागी झाडाचं एक चिमुकलं वर्तुळ काढलं आणि वाट त्याला वळसा घालून नेली.

"इथं झाड होतं का हो?" सही करताना साहेबांनी विचारलं.

"होतं."

"मग असणारच. तुमची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची."

दुसऱ्या दिवशी ती पातं घेऊन वर्तुळ खरवडायला आली, तर कापड छपाईला गेलेलं. आठवड्याने निळ्या प्रती संस्थेकडे पोचल्या. महिन्याने संस्थेचा हा तपासनीस आला. कचेरीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव भिंग ठेवलं.

एकशे नऊ. एकशे दहा.

"याचा बाप हजेरी घेणारा मास्तर असणार," साहेब तिच्या कानाशी कुजबुजले. तिला हसू आलं नाही. आता सांगून टाकावं, असं तिला प्रत्येक झाडापाशी वाटे, आणि प्रत्येक झाडापाशी ती ते पुढच्या झाडावर ढकले. आईचं घर जाणार. तिची नोकरी जाणार. आणि साहेब, हा साधा माणूस, नऊ वर्षं दारोदार फिरून आणलेले पैसे तिच्या एका टिंबापायी घालवून बसणार. काखेतल्या घामाने नकाशाची कड ओली झाली.

एकशे अकरावं झाड नदीवर ओणवलेलं होतं. त्याच्यापुढे आईचं घर.

भिंगाने नकाशा मागून घेतला. घराकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, मग पुन्हा घराकडे.

"एकशे बारावं इथं दाखवलंय."

साहेब तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा उतरत गेलेला तिने पाहिला. "बाई, झाड कुठंय?"

तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात दारातून आईच बोलली. "झाड शोधताय होय? मग उन्हात कशाला? आत येऊन शोधा."

भिंग वाकून आत गेला. दोघं मागोमाग. खोलीच्या मधोमध छपराचा खांब होता, मिठीत मावेल एवढा, सालीसकट. भिंगाने सालीवरून हात फिरवला.

"हे कुठलं?"

"ह्यांनी पुरातून ओढून काढलं. ही तेव्हा पोटात होती. मुळं तेवढी तोडली, बाकी आलं तसं उभं केलं."

तो खांबाभोवती एक फेरी मारून आला. मग त्याने छातीच्या उंचीवर टेप गुंडाळली. "एक मीटर चार," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. साहेबांनी खाकरून काही बोलायला सुरुवात केली, तर त्याने मान वर न करता सांगितलं, "जिवंत की मेलेलं, असा रकाना या तक्त्यात नाही, साहेब." मग त्याने ब्रश बुडवला आणि खांबावर आकडा घातला.

पैसे आले. बाग झाली. साहेब निवृत्तीनंतर रोज तिथे फिरायला येत. घराजवळच्या वळणावर काठी आपटून म्हणत, "काळ्या दगडावरची रेघ," आणि पुढे जात. आई अकरा वर्षांनी त्याच घरात, त्याच खांबाला टेकून गेली. घरात आता माळ्यांची अवजारं असतात, आणि झाडांचे आकडे रंगवायला येणारा माणूस दर वर्षी खांबाचाही आकडा रंगवून जातो. भिंग पुन्हा आला नाही. कुठल्याशा दुसऱ्या नदीवर झाडं मोजताना वारला, असं कळलं.

ट्रेसरबाईने आणखी सव्वीस वर्षं नोकरी केली. संस्थेचं पाकीट आलं की त्या सगळ्या वर्षांत ती ते आधी उजेडाला धरून पाही. आज ना उद्या कोणीतरी भिंगाचा अहवाल उघडेल, आणि तिच्यासाठी तो खोटं लिहून गेला हे बाहेर येईल. शेवटच्या महिन्यात जुने कागद रद्दीत काढायचं काम तिच्याकडेच आलं. त्यात त्या अहवालाची प्रत निघाली, ती तिने उभ्यानेच उघडली. खाली बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

"झाडं एकशे अकरा, घर एक. एकूण एकशे बारा. नकाशाशी जुळतं."