परक्या पाण्याची मरळ

ओल्या पोत्यात मरळ अजून फडफडत होती. भोजराजने ती पाण्याच्या घागरीत सोडली, वर ताट झाकलं आणि बायकोकडे न बघताच म्हणाला, "मी साहेबाले आनाले सडकेवर जाऊन राहिलो. तू हे तलावात नेऊन सोड. त्या बांबूच्या टट्टीच्या आत. कोनाले दिसू नको."

रुख्मा जागची हलली नाही. "गोंदियाच्या बाजारातून आनली काय?"

"मंग? देवरीत सारे वळखतेत मले."

"पराया पान्याचा जीव हाये तो."

"आता वाद नको घालू वो! आज साहेबाले मरळ नाई दिसली, तं तलाव गेला समज."

रुख्माने घागर उचलून कमरेवर घेतली. भोजराज निघाला.

खरंच होतं ते. गावातली ढिवरांची सगळी घरं त्या तलावावर जगत होती. आता एका ठेकेदाराला तिथं पंगस वाढवायचा होता. पंगस म्हणजे बाहेरचा मासा, भसाभसा वाढणारा. तलावात मरळीसारखा गावरान मासा उरलेलाच नाही, मग तलाव आम्हाला द्यायला हरकत काय, असं त्याने वर कळवलं होतं. भोजराज मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

धावून आली ती स्नेहल मॅडम. ही बाई आधी कोकणात होती. गळाने एकेक कुपा मासा धरणाऱ्या छोट्या होडीवाल्यांसाठी तिने मंत्रालयाचे जिने झिजवले होते. तिचं म्हणणं एकच, समुद्रातला कुपा असो की तलावातली मरळ, जो पोटापुरतं धरतो आणि विणीच्या दिवसांत जाळं गुंडाळून ठेवतो, पाणी त्याच्याच हाती राहू द्या. तिच्या खटपटीने मासेमारीचं नवं धोरण ठरवणाऱ्या समितीचे साहेब आज स्वतः तलाव बघायला येत होते.

आणि भोजराजच्या जाळ्यात दोन वर्षांत एकही मरळ आली नव्हती. नियम त्यांनी सगळे पाळले होते हो! विणीला बंदी ठेवली. बायकांनी छातीएवढ्या पाण्यात उतरून एका कोपऱ्यात पाणगवत लावलं, म्हशी शिरू नयेत म्हणून भोवती बांबूची टट्टी ठोकली. त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही, असंही ठरवलं. पण मरळ दिसेल तर शपथ. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगाच नाही.

साहेब आले. मोजकं बोलणारा माणूस. विणीची बंदी चालू होती, पण साहेबांना दाखवण्यापुरतं, त्यांनी बोट दाखवलं तिथं भोजराजने फेकजाळं टाकलं. झिंगे आले. दुसरीकडे टाकलं. चार बारके मासे आणि एक फाटकी चप्पल.

"ठेकेदार म्हणतो ते अगदीच खोटं नाही," साहेब म्हणाले.

स्नेहल मॅडमचा चेहरा उतरला. भोजराजने घसा साफ केला. "साहेब, तिथं आमी जाळं टाकत नाई. पन आज तुमच्यासाठी एकदा टाकतो."

टट्टीच्या आत जाळं पसरलं, बुडालं. ओढताना हाताला असा हिसका बसला की भोजराज वाकलाच. जाळ्यात मरळ होती. काळीभोर, हातभर लांब.

काठावर एकच गलका झाला. मॅडमने तर चक्क टाळ्या वाजवल्या. एवढ्यात रुख्मा पदर खोचून पुढे धावली. "सोडा जी तिले! पोट पाहा तिचं, अंडी हायेत!"

काय नाटक करते ही बाई, भोजराजला वाटलं. त्याने मरळ लगेच पाण्यात सोडली. साहेब तिच्या मागे उठलेल्या तरंगांकडे बघत राहिले.

जेवण शाळेच्या ओसरीत होतं. भात आणि माशाचा लालभडक रस्सा. भोजराज साहेबांना वारा घालत बसला.

"वा! कोणता मासा हा?" साहेबांनी बोटं चाटत विचारलं.

"बाजारातला हाये साहेब," रुख्मा म्हणाली. "इणीच्या दिवसात आमच्या तलावातला आमी नाई खात."

साहेब हसले. मॅडमकडे वळून म्हणाले, "हेच वाक्य मी अहवालात घालणार. बाहेरचा मासा नको, विणीला बंदी, आणि तलाव यांच्याच संस्थेकडे. समितीत माझं हेच मत राहील. बाकीचेही मान्य करतील."

भोजराजचा जीव भांड्यात पडला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी सडकेला लागेपर्यंत पोरं मागे धावली, आणि संध्याकाळी गावात कुणीतरी डफ काढला.

भोजराज मात्र चुलीपाशी येऊन बसला. आनंद होता, मणभर होता, पण आत एक कुसळ टोचत होतं. मॅडमने आपल्यावर भरवसा ठेवला आणि आपण तिला बाजारातली मरळ दाखवली.

"रुख्मे," तो हळूच म्हणाला, "तू आज वाचवलं मले. नाटक बी झकास केलं."

"कोनतं नाटक?"

"तेच, अंड्याचं. पन एक सांग, ते बिचारी पराया पान्यात जगन काय?"

"कोन?"

"अवं, मी आनलेली मरळ!"

रुख्माने चुलीत लाकूड सारलं.

"ते कायची जगते? ते तं दुपारीच साहेबाच्या पोटात गेली."