वाऱ्यावर धुतलेला कोट

मावशीने कोटाच्या काखेशी नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. शी! वरवर लिंबाचा गोडसर वास, आणि त्याच्याखाली तीन जणांचा घाम. अस्तर हाताला पुठ्ठ्यासारखं कडक लागत होतं. कॉलरला आतून पिवळी कड धरली होती. खिशापाशी कुणाच्या तरी जेवणाचा डाग होता, तो नखाने खरवडला तर चक्क पोपडा निघाला.

कपडे भाड्याने देणाऱ्या या दुकानात मावशी अठरा वर्षं धुलाई करत होती. आलेला प्रत्येक कपडा आधी हुंगायचा आणि मग ठरवायचं, याला नुसतं ऊन पुरे, याला रिठ्याचं पाणी, याला डागापुरतं व्हिनेगर. नाक म्हणेल तेवढंच पाणी घ्यायचं. उगाच बादल्या ओतायच्या नाहीत आणि कपड्याचा जीवही काढायचा नाही. मालकाला हे हौसेने सांगायला गेली तीही तीच. "साहेब, दर वेळी धुवायलाच हवं असं नाही. वारा लागला तरी कपडा ताजा होतो."

झालं! मालकाने तेवढंच वाक्य उचललं आणि हुंगायचं सोयीस्कर विसरला. दारात हिरवी पाटी लागली. त्यावर मावशीचा हसरा फोटो आणि खाली तिचंच वाक्य, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. तेव्हापासून मागच्या मोरीतला नळ कोरडा. कपडा परत आला की लिंबाच्या वासाचा फवारा मारायचा, पंख्याखाली टांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या अंगावर. मावशीने दोनदा तोंड उघडून पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना?" म्हणून मालकाने तिलाच गप्प केलं. आता येता-जाता पाटीवरचा स्वतःचा चेहरा दिसला तरी तिला किळस यायची.

"मावशी, तो काळा कोट आणा!" बाहेरून मालकाची हाक आली.

काउंटरपाशी एक मुलगी उभी होती. मावशीला बघताच तिचा चेहरा फुलला. "अय्या, पाटीवरच्या तुम्हीच ना? ती वाचूनच आत आले मी. उद्या नोकरीची मुलाखत आहे, आणि मला कशानेही अंगावर चट्टे उठतात हो. म्हटलं, साबण-पावडर नाही, नुसता वारा, म्हणजे इथला कोट निर्धास्त घालता येईल."

"अगदी निर्धास्त!" मालक म्हणाला. "घाला, मावशी, त्यांच्या अंगात."

मुलीने पाठ वळवली आणि दोन्ही हात मागे केले. तिच्या मानेवर जुन्या चट्ट्यांचे डाग होते. मावशी कोट धरून तशीच उभी राहिली. घालावा तर उद्या ही पोर मुलाखतीत खाजवत बसणार. न घालावा तर उद्यापासून आपण घरी. कसली डोंबलाची नोकरी, असं वाटलं तिला, आणि तिने कोट उलटा करून काखेचं अस्तर काउंटरवर दिव्याखाली पसरलं.

मुलगी वळली. "हे काय?"

"काही नाही हो, अस्तराचा रंगच तसा आहे," मालक हसला. नजर मात्र मावशीला खाऊ की गिळू अशी. "सांगा ना, मावशी, यांना. आपला कपडा कसा ताजा असतो ते."

"माझं सांगून झालंय, साहेब. दारातच लावलंय ना तुम्ही," मावशी म्हणाली. "आता तुम्ही हुंगा."

"मी?"

"हो, तुम्हीच. यांच्यासमोर."

मालकाने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. हसतच त्याने कोट उचलला आणि अस्तराला नाक टेकवलं. ओठ गच्च मिटलेले, गाल फुगलेले. बघता बघता त्याचे कान लाल होत चालले.

"काका," मुलगी म्हणाली, "श्वास घ्या ना."