अख्खा भोपळा
सतरा वर्षांची पोटुशी किमया दिवेलागणीनंतर चाचपडते, हे कळताच जनी रोह्याहून पेणला लेकीच्या सासरी आली. 'अ' जीवनसत्त्वासाठी नर्सबाईंनी सांगितलेला लाल भोपळा तिने कडेवर आणला होता. "ठेवा तिथं, विहीणबाय. माझा निकेश आठवड्यानं कंपनीतून आला की फोडंल. भोपळा म्हणजे थोरला लेक. बाईमाणसानं त्यावर कोयता घालायचा नाय." "तवर हिचे डोळे?" "पोटुशीला असं व्हतंच गो! मलाबी झालं व्हतं. बाळंत झाली की दिसंल." सासू पाण्याला गेली तशी जनीने कोयता उचलला. घाव घालणार तोच किमयाने तिचं मनगट धरलं. "आये, नको गो. माझ्या पोराला काय झालं तर?" जनीने कोयता खाली ठेवला. तिन्हीसांजेला निघताना तिने वळून पाहिलं, तर किमया रिकाम्या गोठ्याकडे हात हलवत होती. जनी गुपचूप गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली.