पुढची सीट

तास संपला तेव्हा वंदना मॅडमचा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता. सातवीच्या पोरींसमोर शरीराचे सगळे शब्द मोठ्यानं, न अडखळता बोलून झाले होते. एरवी हेच शब्द दवाखान्यातसुद्धा ती डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगायची! पोरी आधी फिदीफिदी हसल्या, मग गप्प झाल्या, मग नीट ऐकू लागल्या. सुटले बाई एकदाची, असं पुटपुटत ती फळ्याकडं वळली.

फळा पुसून बघते तर मागच्या बाकावर अक्षता तशीच बसलेली.

"का गं? जीप आली की तुमची. वस्तीवरच्या बाकीच्या पोरी बसल्यासुद्धा."

अक्षता उठली नाही. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. वंदनानं डस्टर खाली ठेवलं.

जालन्याच्या प्रशिक्षणात उषाबाईंनी बजावलं होतं, तास झाल्यावर जे लेकरू मागं रेंगाळतं, त्याला काहीतरी सांगायचं असतं. सगळं शिकवलं होतं त्या माउलीनं. लेकराला दाराकडं बसवा, आपण आत बसा. त्याला कधीही उठून जाता आलं पाहिजे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन चुकूनही देऊ नका. आणि चेहरा! उषाबाई स्वतः लेकरू बनून समोर बसायच्या, नाही नाही ते सांगायच्या, आणि ऐकणाऱ्यानं चेहरा जरासुद्धा हलू द्यायचा नाही. वंदना दरवेळी नापास.

"मॅडम, तुमच्या कपाळावर सगळं छापून येतंय," उषाबाई म्हणाल्या होत्या. "लेकरू तुमच्या शब्दांकडं बघत नसतं. ते कपाळ वाचतं, अन् मंग ठरवतं, सांगावं का न्हाई."

तेव्हापासून ती घरी आरशापुढं सराव करायची. धाकटा दीर राधेश्याम चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचा. "वहिनी, सिनेमात काम भेटलं का काय? लय भारी ॲक्टिंग करून राह्यल्या!" तीही हसायची. माणूसच तसा, घरभर हसवणारा. वस्तीवरच्या पोरींना जीपनं शाळेत आणायचं-न्यायचं काम तिनंच हेडमास्तरांकडं शब्द टाकून त्याला मिळवून दिलं होतं.

तिनं अक्षताला दाराजवळच्या बाकावर बसवलं. स्वतः खुर्ची ओढून आत बसली.

"बोल."

"कुणाला सांगणार न्हाई ना, मॅडम?"

वंदनाच्या जिभेवर 'न्हाई गं' आलंच होतं. तिनं ते गिळलं. "तसं वचन न्हाई देता येणार मला. पण तुझ्या मदतीला ज्यांची गरज लागेल, त्यांनाच सांगीन. तेही तुला आधी सांगून."

अक्षता दाराबाहेर बघत राहिली. आता उठून जाते की काय!

"तुमी म्हणल्या, घरातला माणूस असला तरी सांगायचं."

"हो. कोणीही असला तरी."

"आपल्याच घरातला का?" पोरीनं हळूच विचारलं. "का तुमच्या घरातला असला तरी?"

बाहेर हॉर्न वाजला. "अक्षे, जल्दी ये की!" राधेश्यामचा तोच हसरा आवाज. "पुढची सीट ठेवलीय तुझ्यासाठी!"

अक्षतानं अंग चोरलं. "मला न्हाई बसायचं पुढं. मागं जागा असली तरी पुढंच बसवतेत. अन् मंग..." ती थांबली. तिनं मान वर केली आणि वंदनाच्या तोंडाकडं टक लावून बघू लागली.

वंदना भ्याली. चांगलीच भ्याली. घरी हरिओमला काय सांगायचं? आपला नवरा असला तरी तो राधेश्यामचा सख्खा भाऊ आहे. सासूबाई तर धाकट्यावरून जीव ओवाळून टाकतात. संध्याकाळी कोणत्या तोंडानं घरात शिरायचं? पोरीचा काही गैरसमज तर नसेल? देवा, हिनं दुसऱ्या कुणाचंही नाव घ्यावं, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. कपाळ मात्र तिनं हलू दिलं नाही.

"ओ वहिनी, लावून द्या तिला! उशीर होऊन राह्यला!"

वंदना उठली आणि दाराकडं निघाली. अक्षतानं निमूटपणे दप्तर खांद्याला अडकवलं. आता मॅडम हाताला धरून जीपमध्ये बसवणार, असंच तिनं धरलं होतं.

दारात उभं राहून वंदनानं हाक मारली, "पोरींनो, उतरा खाली. सगळ्याजणी. ऑफिसात दैवशाला मॅडम आहेत, त्यांच्याजवळ जाऊन बसा."

"का हो वहिनी? झालं काय?"

पोरी उतरल्या तशी ती परत आत आली. आपली खुर्ची उचलून तिनं थेट उंबऱ्यावर ठेवली आणि गेटाकडं पाठ करून बसली. दार लेकरासाठी मोकळं सोडायचं असतं, उषाबाईंनी दहादा सांगितलं होतं. पण आज त्या दारातून आत कोण येईल, याचा भरवसा नव्हता.

मागं पुन्हा हॉर्न वाजला. या वेळी लांबलचक.

"माझ्या घरातला असला तरी," वंदना म्हणाली. "सांग."

अक्षतानं आधी तिचं कपाळ पाहिलं. मग ती बोलू लागली.