रविवारचं ताट

"साखर अशीच राहिली तर पाय कापावा लागेल," डॉक्टरीणबाईंनी इओसेफोला बजावलं. "रोज चाला. ज्या दिवशी चालणार नाही, त्या दिवशी अर्धंच जेवा."

सामोआतल्या आमच्या गावात रविवारी चर्च, जेवण आणि झोप एवढंच चालतं. व्यायाम पाद्रीबाबांना पाप वाटतो. त्यामुळे आठवडाभर समुद्रकाठी चालणारा इओसेफो रविवारी मात्र तारोच्या कंदांचं आणि डुकराच्या मांसाचं ताट निम्म्यावर ठेवून उठू लागला.

"कर्ता माणूस ताटात टाकून उठतो, शोभतं का?" सगळ्यांच्या मागून जेवायला बसणारी त्याची बायको लुपे म्हणायची. "आणा इकडे. रविवारचं अन्न काय फेकायचं?" मग आपलं ताट संपवून ती त्याचंही संपवायची.

"हल्ली माझ्याच पायाला मुंग्या येतात हो."

"बसून एवढं खाल्लं की येणारच," तो हसायचा.

वर्षभरात इओसेफोची साखर उतरली. पाय वाचला.

 

आता तो रविवारीही पूर्ण ताट जेवतो. लुपेची चाकांची खुर्ची चर्चपर्यंत ढकलत नेण्याला पाद्रीबाबा व्यायाम म्हणत नाहीत, डॉक्टरीणबाई म्हणतात.